सगळेच मासे विषारी आहेत का?

सप्टेंबर 1957 मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने कुमामोतो प्रांताच्या सरकारला एक उत्तर पाठवलं. प्रांताने विचारलं होतं की मिनामाता खाडीतले मासे खाऊन लोक आजारी पडताहेत, मरताहेत, तर अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली या माशांवर बंदी घालता येईल का? उत्तराचा आशय असा होता: खाडीच्या त्या भागातले सगळेच्या सगळे मासे विषारी झाले आहेत याचा स्पष्ट पुरावा नाही, त्यामुळे कायदा लावता येणार नाही.

हे वाचून मला राग यायला थोडा वेळ लागला. आधी ते उत्तर ओळखीचं वाटलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे चालू सिस्टीमवर नजर ठेवणारे अलर्ट लिहिणं. कुठला आकडा कितीच्या वर गेला की रात्री तीन वाजता कुणाचा फोन वाजेल, हे आम्ही ठरवतो. 'अजून थोडा डेटा येऊ दे, मग बघू' हे वाक्य आमच्याकडे दिवसातून पाच वेळा म्हटलं जातं, आणि बहुतेक वेळा ते शहाणपणाचंच असतं. सर्व्हर दहा मिनिटं हळू चालला तर कुणी मरत नाही. मिनामातामध्येही हेच वाक्य म्हटलं गेलं, वर्षानुवर्षं. म्हणून मला पडलेला प्रश्न असा आहे: 'अजून मोजूया' असं म्हणणं कधीपर्यंत प्रामाणिक असतं?

तेव्हा नेमकं काय माहीत होतं, ते आधी पाहू.

मिनामातामध्ये चिस्सो नावाच्या रसायन कंपनीचा कारखाना होता. त्याच कारखान्याच्या दवाखान्याचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी 1 मे 1956 रोजी सरकारी आरोग्य केंद्राला कळवलं की मेंदूचा एक अनोळखी आजार पसरतोय. कोळ्यांच्या वस्तीतल्या लहान मुलांना चालता येईना, बोलता येईना, झटके येऊ लागले. त्याआधीपासून गावातली मांजरं नाचल्यासारखी वेडीवाकडी उड्या मारत मरत होती. नोव्हेंबर 1956 पर्यंत कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सांगितलं होतं की ही कुठल्यातरी जड धातूची विषबाधा दिसते आणि ती मासे-शिंपल्यांतून होते. 1957 च्या वसंतात आरोग्य केंद्राचे प्रमुख हासुओ इतो यांनी मांजरांना खाडीतले मासे खाऊ घातले. मांजरांना तोच आजार झाला.

म्हणजे मासे, हे कळलं होतं. कळलं नव्हतं ते माशांत काय आहे. मँगनीज असेल, सेलेनियम असेल, थॅलियम असेल, असे अंदाज एकामागून एक येत होते. पाऱ्याचं नाव जाहीरपणे घेतलं गेलं जुलै 1959 मध्ये.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. लग्नाच्या पंगतीत बासुंदी खाल्लेले पन्नास लोक ओकू लागले, तर बासुंदीत कुठला जंतू आहे याचा रिपोर्ट येईपर्यंत कुणी वाढप्याला 'चालू दे' म्हणत नाही. बासुंदीच्या प्रत्येक वाटीत जंतू आहे का, असंही कुणी विचारत नाही. पातेलं उचलून बाजूला ठेवतात, मग नमुना लॅबला जातो. मंत्रालयाने 'सगळेच मासे' हा शब्द घातला आणि पुराव्याची पट्टी अशा जागी नेऊन ठेवली की तिथे कुणाचाच हात पोचणार नव्हता. खाडीतला प्रत्येक मासा कोण तपासणार?

मंत्रालयाच्या बाजूनेही थोडा विचार करायला हवा, नाहीतर मी फक्त सत्तर वर्षांनंतरच्या सोयीने बोलतोय असं होईल. मासेबंदी फुकट नसते. कोळ्यांचं पोट त्यावर होतं. बंदी आली असती तर नुकसानभरपाई कुणी द्यायची, हा प्रश्न लगेच आला असता, आणि त्यापाठोपाठ कारखान्याकडे बोट गेलं असतं. चिस्सो गावाचा पोशिंदा होता आणि देशाच्या प्लास्टिक उद्योगाला लागणाऱ्या कच्च्या मालाचा मोठा पुरवठादारही. हे सगळं खरं आहे. पण यातलं काहीही त्या उत्तरात नव्हतं. तिथे होता फक्त पुराव्याचा मुद्दा. किंमत कुणी मोजायची या भांडणाला विज्ञानाचा सदरा घातला होता. आणि किंमत मोजली जातच होती. खाडीतला मासा बाजारात कुणी घेईना, म्हणून गरीब कोळी घरी तोच खात राहिले.

पारा मोजणं तसं अवघड नाही, पण त्यात एक गंमत आहे. पाऱ्याची वाफ 253.7 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषते. नमुना घ्यायचा, त्यातला पारा वाफेच्या रूपात मोकळा करायचा, तो प्रकाश त्यातून सोडायचा आणि पलीकडे किती कमी पोचला ते बघायचं. या पद्धतीने एक अब्जात एक इतकं, म्हणजे एक पीपीबी प्रमाणही पकडता येतं. अब्ज सेकंद म्हणजे साधारण 32 वर्षं. माझ्या आजवरच्या अख्ख्या आयुष्यापेक्षा मोठ्या काळातला एक सेकंद शोधून काढण्यासारखं आहे हे.

गंमत अशी की पाण्यातला पारा मोजला तर बऱ्याचदा तो नगण्य निघतो. पाण्यातला मेथिलमर्क्युरी आधी सूक्ष्मजीवांत, मग त्यांना खाणाऱ्यांत, मग लहान माशांत, मग मोठ्या माशांत साठत जातो, आणि वरच्या टोकाला त्याचं प्रमाण पाण्याच्या लाखो पट होतं. पाण्याचा रिपोर्ट स्वच्छ आणि ताटातला मासा विषारी, हे एकाच दिवशी खरं असू शकतं. काय मोजायचं हे ठरवणाऱ्याने अर्धं उत्तर तिथेच ठरवलेलं असतं.

केस हा मात्र भारी पुरावा. केसात पारा बसतो आणि तिथेच राहतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे बारा सेंटिमीटरच्या केसात गेल्या वर्षाची नोंद, महिन्यावार. आमच्या भाषेत लॉग फाइल, आणि तीही अशी की जिच्यात मागे जाऊन कुणाला खाडाखोड करता येत नाही. मिनामाता परिसरातल्या लोकांचे केस तपासले गेले तेव्हा रुग्णांमध्ये 705 पीपीएमपर्यंत पारा सापडला. बाहेरच्या भागातली सरासरी होती 4 च्या आसपास. आणि आजाराचं एकही लक्षण नसलेल्या मिनामाताच्या रहिवाशांत 191 पर्यंत. या 191 वाल्या माणसाला काय म्हणायचं, निरोगी? कागदावर तो निरोगीच होता. रुग्ण कोण, हे लक्षणांवरून ठरत होतं.

1959 च्या ऑक्टोबरमध्ये होसोकावांच्या प्रयोगातलं 400 नंबरचं मांजर आजारी पडलं. त्याला त्यांनी मासे नव्हे, तर थेट कारखान्याच्या असिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी अन्नातून दिलं होतं. यानंतर शंकेला फारशी जागा नव्हती. त्यांनी कंपनीला सांगितलं, कंपनीने प्रयोग थांबवायला लावले आणि निकाल बाहेर आला नाही. त्याच वर्षी 30 डिसेंबरला कंपनीने रुग्णांशी करार केला. थोडी 'सहानुभूतीची रक्कम' आणि बदल्यात एक अट: पुढे कारखानाच दोषी ठरला तरी जास्त भरपाई मागायची नाही. ज्यांच्याकडे आकडा होता त्यांनी तो लपवून, ज्यांच्याकडे नव्हता त्यांची सही घेतली. (1973 मध्ये न्यायालयाने हा करार नीतीला धरून नसल्याचं सांगून रद्दबातल ठरवला.) सांडपाण्यातून पारा जाणं थांबलं 1968 मध्ये, तेही ती उत्पादनपद्धत जुनी झाली म्हणून. 1970 मध्ये होसोकावांनी कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले असताना त्या मांजराबद्दल साक्ष दिली.

मला होसोकावांबद्दल काय वाटावं ते अजून नीट ठरवता येत नाही. आजार जगासमोर आणणारा माणूस तोच आणि अकरा वर्षं गप्प बसणाराही तोच. माझ्या पिढीतले, पगारावर आणि एनडीएवर सह्या केलेले बरेच जण त्यांना सहज दोष देतील असं मला वाटत नाही. द्यायला हवा, तरीही.

पण ही लपवाछपवीची गोष्ट आहे, असं म्हणून सुटताही येत नाही. काहीही लपवलं नाही, सगळे प्रामाणिक असले, तरी खरा पेच राहतोच. तो असतो 'सुरक्षित मर्यादा' या आकड्यात.

गर्भातल्या बाळावर माशांतल्या पाऱ्याचा परिणाम होतो का, यावर दोन मोठे अभ्यास झाले. एक फेरो बेटांवर, जिथे लोक व्हेलचं मांस खातात, आणि दुसरा सेशेल्समध्ये, जिथे समुद्री मासे रोजचे. फेरोमध्ये मुलांच्या स्मरणशक्ती, भाषा, एकाग्रता यांवर परिणाम दिसला. सेशेल्समध्ये तसा स्पष्ट दिसला नाही. दोन्ही अभ्यास चांगले आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2001 मध्ये मुख्यतः फेरोचा आधार घेऊन मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 0.1 मायक्रोग्रॅम. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने 2003 मध्ये दोन्ही अभ्यास धरून आठवड्याला 1.6 म्हटलं, म्हणजे रोज साधारण 0.23. दुपटीहून जास्त फरक. अमेरिकेच्या आकड्यात मोजलेल्या प्रमाणाला 10 ने भागलं आहे, कारण माणसं सारखी नसतात, कुणाचं शरीर जास्त नाजूक असतं. हा 10 कुठल्याही यंत्रातून आलेला नाही. नाजूक माणसासाठी किती जागा सोडायची याचा तो निर्णय आहे.

हे कळल्यावर मला कोडाईकनालचं भांडण समजलं. तिथे 1980 च्या दशकात अमेरिकेतून थर्मामीटरचा एक जुना कारखाना उचलून आणला गेला, जो पुढे हिंदुस्थान युनिलिव्हरकडे आला. 2001 मध्ये पारा लागलेली काच भंगारवाल्याकडे सापडल्यावर तो बंद झाला. 2016 मध्ये कंपनीने 591 माजी कामगारांशी तडजोड केली. पण मातीचा वाद उरला. किती पारा उरला तर माती 'स्वच्छ' म्हणायची? मंजूर झालेला आकडा होता किलोमागे 20 मिलिग्रॅम. आंदोलकांचं म्हणणं, ब्रिटनमध्ये हाच कारखाना असता तर तुम्ही 1 वर आला असता. दोन्ही बाजू तज्ज्ञांचे अहवाल हातात घेऊन बोलत होत्या, आणि वीस की एक हे कुठलाही अहवाल एकटा सांगू शकत नव्हता. खाली जंगल आहे, तळं आहे, माणसं आहेत. त्यांच्यासाठी किती खर्च करायचा, हा प्रश्न होता. (मिनामाता खाडीतला गाळ उपसताना मर्यादा होती 25 पीपीएम. कुठल्याही देशात हा आकडा आकाशातून पडत नाही.)

आमच्याकडे अलर्टची मर्यादा ठरवताना एक चांगली पद्धत आहे. आकडा ठरवण्याआधी विचारायचं, अलर्ट वाजला तर कोण काय करणार? याचं उत्तर नसेल तर तो अलर्ट लिहायचाच नाही. मला वाटतं विषाच्या बाबतीत हे आणखी कडकपणे लागू व्हावं. मोजायला सुरुवात करण्याआधी सांगा: किती आलं तर काय बंद करणार, कुणाला पैसे देणार, आणि मोजून होईपर्यंत खाणाऱ्याने काय खायचं. हे आधी सांगितलेलं असेल तर मोजणं म्हणजे लक्ष ठेवणं. नसेल तर प्रत्येक मोजमाप पुढच्या मोजमापाचं निमित्त होतं. यावर एक आक्षेप मी मान्य करतो. आधी बांधून घेतलं तर उद्या चुकीच्या संशयावरून एखादं गाव उपाशी राहील. राहू शकतं. पण मग दोन चुकांपैकी कुठली भरून काढता येते, ते बघावं लागेल. बुडालेल्या हंगामाचे पैसे देता येतात.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारी गोष्ट नाळेची आहे. आपण म्हणतो अमुक गावात माझी नाळ पुरली आहे. जपानमध्ये बाळाच्या नाळेचा सुकलेला तुकडा लाकडी डबीत घालून घरात जपून ठेवतात. मिनामातामध्ये अशी मुलं जन्मली होती ज्यांच्या आया वरवर ठीक दिसत होत्या. तेव्हाची समजूत अशी की वार विषाला अडवते, म्हणून ही मुलं 'जन्मतः अधू' ठरली. त्यांचा आजार पाऱ्याचा आहे हे 1962 मध्ये मान्य झालं. पुढे डॉ. मासाझुमी हारादा आणि इतरांनी घरोघरच्या त्या डब्या मागितल्या. नाळेतला मेथिलमर्क्युरी मोजला आणि जन्मवर्षाप्रमाणे मांडला. कारखान्याचं असिटाल्डिहाइडचं उत्पादन जसं चढलं आणि उतरलं, तसाच तो आलेख चढला आणि उतरला. सरकार आणि कंपनी पुरावा नाही म्हणत होते, त्या सगळ्या वर्षांत तो लोकांच्या कपाटात होता.

1997 मध्ये खाडीतले मासे मर्यादेच्या आत आले असं जाहीर झालं आणि 1974 पासून खाडीला घातलेलं जाळं काढलं गेलं. माशांचा प्रश्न मोजून संपला. माणसांचा नाही. अधिकृतपणे रुग्ण म्हणून मान्य झाले ते 2200 हून थोडे जास्त. अर्ज नाकारले गेलेले कितीतरी पट. 1977 पासून बराच काळ एक लक्षण पुरत नव्हतं, अनेक लक्षणं एकत्र दिसावी लागत. 2009 च्या मदत कायद्यात सरकारने त्या समुद्रकाठच्या लोकांच्या आरोग्याची पाहणी करावी असं लिहिलं आहे. त्यानंतरची कित्येक वर्षं मेंदूच्या तपासणीची वस्तुनिष्ठ पद्धत विकसित करण्यात गेली. जे कोळी 1957 मध्ये लहान मुलं होती, त्यांची वयं आता सत्तरीच्या पुढे आहेत.