'भिऊ नको' एवढे म्हणणे पुरे आहे काय?

परीक्षांचे दिवस जवळ आले की आपल्या मंडळ्यांतून विद्यार्थ्यांसाठी खास प्रार्थना होतात. पाळकसाहेब मुलामुलींना पुढे बोलावतात, वडीलमंडळी त्यांच्या मस्तकांवर हात ठेवतात, आणि 'भिऊ नका, प्रभू तुमच्याबरोबर आहे' असे सांगून त्यांना जागेवर पाठवतात. ही रीत चांगली आहे व ती चालू राहावी. परंतु त्याच रात्री अंथरुणावर पडल्यावर एखाद्या मुलाची छाती धडधडतेच. मग त्याच्या मनात विचार येतो, 'प्रार्थना झाली तरी मी भितो, त्या अर्थी माझा विश्वासच खोटा असला पाहिजे.' आधी त्याला एकच भय होते, परीक्षेचे. आता दोन झाली. आपण देवाला नापसंत आहो, हे ते दुसरे भय. पहिल्यापेक्षा हे दुसरे अधिक खोल जाते, आणि नकळत ते आपणच त्याच्या मनात घातलेले असते. म्हणून आम्ही वाचकांपुढे हा प्रश्न ठेवू इच्छितो: भिणे हे अविश्वासाचे लक्षण आहे काय? आणि तारणावरील भरवसा भय घालवतो असे आपण म्हणतो, तेव्हा तो नेमके काय करतो?

आपल्या कुमारवयीन मुलांची भये थोडीथोडकी नाहीत. दहावी-बारावीचे गुण, पुढील प्रवेश, घरचा खर्च, वडिलांची नोकरी, आईचे दुखणे, मोबाइलवर कोणी केलेली थट्टा, ह्यांशिवाय आणखीही काही आहे. घरी मराठी, शाळेत कानडी, तेलुगू किंवा इंग्रजी, आणि वर्गात ख्रिस्ती म्हणून आपण एकटेच, अशा स्थितीत वाढणारी मुले बेळगावापासून हैदराबादेपर्यंत आपल्या मंडळ्यांत आहेत. 'रविवारी खेळायला का आला नाहीस?' एवढा साधा प्रश्नही अशा मुलाला अडचणीत टाकतो. ह्या भयांना पोरकट समजून हसणे योग्य नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ ह्या एका वर्षात आपल्या देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थी आत्महत्येने दगावले. त्यांतील प्रत्येकाचे कारण वेगळे असेल, एकच कारण सर्वांना लावणे बरोबर नव्हे. परंतु तरुण मनावरील ओझे केवढे असू शकते, हे ह्या आकड्यावरून कळून येते.

आता शास्त्राकडे वळू या. गिदोन मिद्यानी लोकांच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता, आणि त्याच स्थळी देवाच्या दूताने त्याला गाठून पराक्रमी वीर म्हटले. यिर्मयाने आपण अजून लहान आहो, आपल्याला बोलता येत नाही, असे सांगून पाचारण टाळू पाहिले. त्याला देवाने हाकलून दिले नाही. आणि आपला प्रभू? गेथशेमानेत त्याचा जीव अत्यंत व्याकूळ झाला, त्याने जमिनीवर पडून प्रार्थना केली, आणि मित्रांनी आपल्याबरोबर जागे राहावे अशी इच्छा धरली. ज्याच्या ठायी पाप नव्हते, त्यालाही मृत्यूच्या छायेत क्लेश झाले. तेव्हा छाती धडधडणे, हातपाय गार पडणे, झोप न येणे हे पाप नव्हे. संकट दिसले की शरीराने सावध व्हावे, अशीच देवाने त्याची रचना केली आहे.

भय पाप नसले तरी ते पापाकडे नेऊ शकते, हेही खरे. भयापोटीच पेत्राने प्रभूला नाकारले. भयापोटीच दाखल्यातील त्या चाकराने धन्याचे धन जमिनीत पुरून ठेवले. म्हणून मुलाला 'तू भितोस काय?' असे विचारून फारसे काही साधत नाही. भय आले असता तू कोणाकडे जातोस, हे विचारले पाहिजे. भय त्याला देवाकडे घेऊन आले तर त्यात त्याची हानी नाही. ते त्याला देवापासून व माणसांपासून लपायला लावू लागले, तर मात्र आपण जागे झाले पाहिजे.

येथे आपणा वडीलधाऱ्यांची एक सवय तपासून पाहण्याजोगी आहे. मूल ऐकत नाही असे दिसले की आपण देवालाच छडी करतो. 'देव बघतो आहे', 'नरकात जाशील', 'असा वागलास तर देव पास करणार नाही', ही वाक्ये ख्रिस्ती घरांतून सर्रास ऐकू येतात. अशा भयाने मूल काही काळ वळणावर राहते, हे कबूल केले पाहिजे. परंतु भयाने झालेले काम किती पुरते, हे मार्टिन ल्यूथर ह्यांच्या चरित्रावरून दिसते. २ जुलै १५०५ रोजी, वयाच्या २१ व्या वर्षी, स्टॉटर्नहाइम गावाजवळ ते मेघगर्जनेच्या तुफानात सापडले. जवळच वीज पडली आणि घाबरून जाऊन त्यांनी संन्यासी होण्याचा नवस केला. नवस त्यांनी फेडला. उपास, जागरणे, पापांगीकार ह्यांत काही उणे ठेवले नाही. तरी शांती मिळाली नाही. नीतिमान देव पापी माणसाला त्याच्या कर्तबगारीवरून नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासावरून नीतिमान ठरवतो, हे रोमकरांस लिहिलेल्या पत्रातून उमगले, तेव्हा ती मिळाली. भय माणसाला मठाच्या दारापर्यंत नेऊ शकते. त्याला घरातले लेकरू करणे भयाच्या हाती नाही.

ह्या गोष्टीचा पुढचा दुवा आणखी बोधप्रद आहे. जानेवारी १७३६ मध्ये जॉन वेस्ली अमेरिकेस निघाले होते. त्यांचे वय ३२ होते, ते दीक्षित पाळक होते आणि मिशनकार्यासाठी चालले होते. अटलांटिक महासागरात भयंकर वादळ झाले, मोठे शीड फाटले, पाणी डेकवर आले. वेस्ली मरणाला भ्याले. त्याच जहाजावरील मोरेव्हियन पंथाचे जर्मन लोक मात्र मुलाबाळांसह शांतपणे गीत गात राहिले. वेस्लींनी नंतर त्यांना विचारले, तेव्हा आमच्या बायकामुलांनाही मरणाचे भय वाटत नाही, असे उत्तर मिळाले. ते उत्तर वेस्लींच्या मनात घर करून राहिले. पुढे २४ मे १७३८ रोजी लंडनमधील ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत ल्यूथर ह्यांनी रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असता, आपले तारण केवळ ख्रिस्तावर अवलंबून आहे, आणि ते आपल्यासाठीही आहे, अशी खात्री वेस्लींना झाली. एका भ्यालेल्या माणसाला मिळालेली शांती अशा रीतीने दोन शतकांनंतर दुसऱ्या भ्यालेल्या माणसाच्या हाती आली. लक्षात घ्या, वेस्लींना कोणी 'धीट हो' असे सांगितले नव्हते. आपला भार कोणावर आहे, एवढे त्यांना कळले.

परंतु तारणाची खात्री म्हणजे सर्व काही मनासारखे होईल अशी खात्री काय? ह्याचे उत्तर प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायात फार स्पष्ट आहे. पौल कैदी म्हणून रोमला चालला होता. जहाजावर २७६ माणसे होती. कित्येक दिवस सूर्य दिसला नाही, तारे दिसले नाहीत, वाचण्याची आशा सरली. तेव्हा देवाच्या दूताने पौलाला सांगितले की, भिऊ नको. ज्या अर्थी त्याला हे सांगावे लागले, त्या अर्थी त्या रात्री पौलही काही अगदी निश्चिंत नसावा. वचन काय मिळाले? जहाज वाचेल असे नव्हे. एकाही माणसाचा प्राण जाणार नाही, मात्र जहाज जाईल, असे ते वचन होते. आणि तसेच झाले. जहाज फुटले. ज्यांना पोहता येत होते ते पोहत गेले, बाकीचे फळ्यांवर व मोडक्या तुकड्यांवर बसून तीरास लागले. त्यांत पौलासारखे विश्वासू होते, तसेच गुपचूप होडी सोडून पळू पाहणारे भित्रे खलाशीही होते. सर्व वाचले, कारण वचन देणारा विश्वासू होता. कोणाची छाती किती धडधडत होती, हे कोणी मोजले नाही.

आपण मुलांना पुष्कळदा जहाजाचे वचन देतो. 'प्रार्थना कर म्हणजे पास होशील', 'विश्वास ठेव म्हणजे प्रवेश मिळेल' असे देवाने कोठे सांगितले आहे? निकाल विरुद्ध लागला की त्या मुलाचे वर्ष तर जातेच, शिवाय देवावरील भरवसाही जातो, कारण आपण तो चुकीच्या ठिकाणी बांधून दिलेला असतो. मुलाला सत्य सांगावे: 'बाळा, गुण कमी पडतील, कदाचित वर्षही जाईल, ते जहाज आहे. तुझ्यासाठी ख्रिस्ताने प्राण दिला, तो तुला सोडणार नाही, हे वचन आहे. ते तुझ्या गुणपत्रिकेवर लिहिलेले नाही, म्हणून गुणपत्रिकेने पुसलेही जाणार नाही.'

कोणी म्हणेल, अशी खात्री दिली तर मुले आळशी होतील. आम्हांला तसे वाटत नाही. वचन मिळाल्यावर पौल हातावर हात ठेवून बसला नाही. पळणाऱ्या खलाशांना त्याने थांबवले, चौदा दिवस उपाशी राहिलेल्यांना भाकर खावयास लावली, आणि लोकांनी उरलेले धान्य समुद्रात टाकून जहाज हलके केले. ज्याला आपण बुडणार असेच वाटते, त्याचे हात गळतात. ज्याला तीर गाठू असा भरवसा असतो, तोच फळी घट्ट धरतो. आपल्या मराठी मंडळीतही ह्याचे उदाहरण आहे. बेळगावात १८३१ मध्ये जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये त्याच गावी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी ह्या पावलाची किंमत म्हणजे घर, जात, गोत. ती किंमत दिसत असताही त्यांनी ते टाकले, आणि पुढे आयुष्यभर मराठीत लिहीत राहिले. तारणावरील भरवशाने माणूस आळशी होत नाही, हेच ह्यावरून दिसते.

तर मग मंडळीने काय करावे? पौल करिंथकरांना लिहितो की, तरुण तीमथ्य तुमच्याकडे आला तर तो तुमच्यामध्ये निर्भयपणे राहील असे पाहा. तीमथ्याच्या धीराची जबाबदारी पौलाने मंडळीवर टाकली. ह्या कसोटीवर आपली एक रीत पाहू. निकालानंतरच्या रविवारी आपण चांगले गुण मिळवणाऱ्यांचा सत्कार करतो. त्या दिवशी नापास झालेले मूल कोठे असते? बहुधा ते उपासनेला आलेलेच नसते. ज्या घरात पाप्याला जागा आहे असे आपण दर रविवारी सांगतो, त्या घरात नापास मुलाला तोंड लपवावे लागावे, ही गोष्ट आपल्या उपदेशाला शोभत नाही. सत्कार अवश्य करावा, परंतु त्याच आठवड्यात वडीलमंडळींपैकी कोणीतरी त्या दुसऱ्या मुलाच्या घरी जाऊन चहा घ्यावा. उपदेश करू नये, ऐकून घ्यावे. आणि भय इतके वाढले असेल की मूल जेवत नाही, झोपत नाही, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवते, तर प्रार्थनेबरोबरच त्याला डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस ह्या सरकारी सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. तापाला औषध देणे हा अविश्वास नव्हे, तसाच हाही नव्हे.

शेवटी तरुण वाचकांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. तुम्हांला भय वाटते म्हणून प्रभूपासून दूर उभे राहू नका. भयासह त्याच्याकडे या आणि ते जसे आहे तसे त्याला सांगा. ते आजच जाईल असे आम्ही म्हणत नाही. शिष्यांनी वादळात प्रभूला जागे केले ते घाबरूनच केले. त्याने आधी वारा शांत केला आणि मग त्यांच्या विश्वासाविषयी विचारले. तुम्ही प्रभूला किती घट्ट धरले आहे ह्यावर तुमचे तारण टांगलेले नाही, त्याने तुम्हांला धरले आहे. तो हात खिळ्यांनी छेदलेला आहे, आणि तो सुटत नाही.