थिबाच्या लेकी आणि कर्माचा हिशेब

आमच्या रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "बापाने पाप केलं, पोरींनी फेडलं." माझी आजीही तेच म्हणायची. मला ते कधी पटलं नाही. आता तर त्याची चीड येते.

लोक ज्याला पाप म्हणतात ते खोटं नाही. 1879 मध्ये मंडालेच्या राजवाड्यात थिबाच्या सावत्र भावंडांची कत्तल झाली. हुकूम त्याचा की सासूचा, यावर वाद आहे. पण राज्य त्याच्या नावावर होतं. तरी त्याचं सिंहासन त्या पापामुळे गेलं, असं म्हणता येत नाही. 1885 मध्ये ब्रह्मी दरबाराने सागवानाच्या प्रकरणात बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला जबर दंड केला. इंग्रजांना स्वारीचं निमित्त मिळालं. नोव्हेंबर संपेपर्यंत राजा कैदेत होता आणि 1886 च्या एप्रिलमध्ये त्याला सहकुटुंब इथे आणलं. यात कर्मविपाकापेक्षा सागवान, तोफा आणि लोभच जास्त दिसतो.

आणि लेकींचं काय? चौघींपैकी धाकट्या दोघी तर राज्य गेल्यावर जन्मल्या, एक मद्रासला, एक इथेच. त्यांनी कोणाचं काय केलं होतं?

बुद्धाच्या शिकवणीत कर्म ज्याचं त्याचं असतं. बापाचं कर्ज लेकीच्या खात्यावर चढत नाही. संयुत्त निकायातल्या मोळियसीवक सुत्तात तर बुद्ध स्पष्ट सांगतो की वाट्याला येणारं प्रत्येक सुखदुःख पूर्वकर्माचंच असतं असं नाही. पित्त, वात, ऋतुबदल, दुसऱ्याने केलेला आघात, अशीही कारणं असतात. थिबा तरुणपणी भिक्षू होता, पाली धर्मग्रंथांची परीक्षा उत्तीर्ण झालेला होता. त्याच्याच धर्माचा हा विचार आपण त्याच्या घराला लावत नाही.

थिबा इथे तीस वर्षं राहिला. जांभ्या दगडाचा राजवाडा 1910 मध्ये तयार झाला, 1916 च्या डिसेंबरमध्ये तो वारला. राणी सुपायालात 1919 मध्ये रंगूनला परतली. थोरल्या राजकन्येला राजवाड्याचे पहारेकरी गोपाळ सावंत यांच्यापासून मुलगी झाली, टुटू. ब्रह्मदेशात जाऊन दोघी मायलेकी पुन्हा इथेच आल्या. राजकन्या 1947 मध्ये गेली. टुटू शंकर पवारांशी लग्न करून अस्सल मराठी संसारात रमली. ही राजाची नात शेणाच्या गोवऱ्या थापून विकायची, पोरं वाढवायची. 2000 साली ती वारली.

तिच्या त्या शेणाने भरलेल्या हातांत लोकांना शिक्षा दिसते. मला कष्ट दिसतात, आणि त्या कष्टांवर उभा राहिलेला संसार. कर्म म्हणजे जाणूनबुजून केलेली कृती, असं बुद्ध सांगतो. मग टुटूचं कर्म तेच, जे तिने रोज स्वतःच्या हातांनी केलं.

दुसऱ्याच्या दुःखाला "कर्माची फळं" म्हटलं की दुःख देणारा सुटतो आणि ज्याने मदत करायला हवी तोही सुटतो. राजवाडा बघायला आलात तर थिबाची गोष्ट जरूर ऐका, पण ती सांगणारा "पोरींनी फेडलं" म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा.