नऊने भाग जातो का?

संशय घ्यायला कोणाचीच हरकत नसते. आधी कोणाचा घ्यायचा, हा खरा प्रश्न आहे. धर्मशास्त्रात त्याचे उत्तर असेलही. पण मी बी. कॉम. आहे.

हा प्रश्न मला पडला न्यू जर्सीत, साडूंच्या गॅरेजमध्ये. साडूंकडे १९८८ सालची मझदा आरएक्स-७ आहे. ही जुनी मोटार त्यांनी देव्हाऱ्यातल्या टाकासारखी जपली आहे.

हिच्या इंजिनात पिस्टनच नाहीत. फेलिक्स वांकेल नावाच्या जर्मन गृहस्थांच्या डोक्यातून निघालेले हे इंजिन १९५७ साली पहिल्यांदा फिरले. भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराच्या पोकळीत एक फुगीर त्रिकोण गरगरतो. साडूंच्या गाडीत असे दोन त्रिकोण, मिळून १३०८ सीसी. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाला एक पट्टी असते, तिला अपेक्स सील म्हणतात. ती सतत भिंतीला घासते, म्हणून तिला वंगण मिळावे यासाठी हे इंजिन मुद्दाम थोडे ऑइल जाळते. आपल्याकडे ऑइल जळाले की मेकॅनिक तोंड पाडतो. इथे जळाले नाही तर पाडायचे! १९९१ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत याच जातीच्या इंजिनाने जिंकली, हे साडूंनी मला विमानतळावरून घरी येईपर्यंत तीनदा सांगितले.

तर एका रविवारी सकाळी ही गाडी अचानक गचके खाऊ लागली. थरथरते काय, गुरगुरते काय! साडूंचा चेहरा उतरला.

"अपेक्स सील गेलं," ते म्हणाले. म्हणजे इंजिन पुरते उघडायचे. हजारो डॉलरांचे काम. आणि लगेच पुढचा निकाल : "काल रात्री हा घेऊन गेला होता."

हा म्हणजे त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा.

"बाबा, मी नीट चालवली."

"नीट! ताणली असशील चांगली!"

मुलगा माझ्याकडे बघून "काका, तुम्ही तरी..." एवढेच म्हणाला आणि वर निघून गेला. त्याने दार आपटले असते तर बरे वाटले असते. त्याने ते हळूच लावले.

मला एकदम आमच्या शाखेतले नऊशे रुपये आठवले. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी माझी कॅश नऊशेने कमी आली. चहा द्यायला शिपाई माझ्या काउंटरच्या आत आला होता. मी बोललो काहीच नाही. फक्त त्याच्याकडे पाहिले. लहान शाखेत तेवढे पुरते. त्याने आपणहून दोन्ही खिसे टेबलावर उलटे केले. बसचा पास, सुपारीची पुडी आणि अकरा रुपये निघाले. मग हेडकॅशियरने शांतपणे विचारले, "नऊशेला नऊने भाग जातो ना? मग आकडे उलटे वाचलेत का बघा." दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. पंचेचाळीसशेच्या स्लिपवर मी चोपन्नशे मोजून दिले होते. सकाळी तो खातेदारच पैसे परत घेऊन आला.

शिपायाची मी माफी मागितली नाही. न केलेल्या आरोपाची माफी कशी मागणार? तेव्हा हे मला फार तर्कशुद्ध वाटले. तो अजून चहा आणतो. कप मात्र काउंटरच्या बाहेरच, कडेला ठेवतो.

म्हणून मी साडूंना म्हटले, "मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. पण हिच्या पोटात शेवटचा हात कोणी घातला?"

"मीच. गेल्या रविवारी प्लग बदलले."

या इंजिनात दर त्रिकोणामागे दोन प्लग, एकूण चार. खालचा तो लीडिंग, म्हणजे मुख्य कारभारी, वरचा ट्रेलिंग. टॉर्च मारून पाहिले, तर पुढच्या त्रिकोणाच्या लीडिंग प्लगवरची वायरची टोपी अर्धवट बसलेली! आठवडाभराच्या हादऱ्यांनी ती सैल होत गेली असावी. साडूंनी दाबली. टक्क! गाडी शिवणयंत्रासारखी चालू लागली. खर्च : शून्य डॉलर.

आता, आपण महागड्या बिघाडापासूनच सुरुवात का करतो? मला वाटते, महागड्या बिघाडाला गुन्हेगार लागतो आणि गुन्हेगार म्हटला की तो दुसराच असतो. सैल वायर ही ज्याने लावली त्याचीच असते. म्हणून संशय नेहमी स्वस्तापासून घ्यावा, आणि सगळ्यांत स्वस्तात मिळणारा, कायम हाताशी असलेला इसम म्हणजे आपण स्वतः.

"सांगतो त्याला, गाडी झाली म्हणून," हात पुसत साडू म्हणाले.

"तेवढंच नका सांगू," मी म्हटले.

ते जिना चढू लागले. तेरा पायऱ्या चढायला एवढा वेळ लागलेला माणूस मी पाहिलेला नाही.

परत येताना मी शिपायासाठी चॉकलेटचा डबा आणला. डबा दिला. सोबत द्यायचे वाक्य मात्र अजून माझ्याकडेच आहे. कॅशमध्ये तेवढा फरक राहिला आहे.