शरीराची अमानत आणि वजनाचा प्रश्न





जुम्याच्या नमाजनंतर इमामाला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत अलीकडे एक नवा प्रश्न वरचेवर येतो. विचारणारा कधी कोकणातल्या गावाहून ब्रिटनमध्ये जाऊन स्थायिक झालेला असतो, कधी आखातात नोकरी करणारा, तर कधी येथेच राहणारा. वजन वाढले आहे, साखर आटोक्यात नाही, गुडघे सजदा करू देत नाहीत. एक नातेवाईक सांगतो, ‘तुर्कस्तानात जा, आठवड्याभरात शस्त्रक्रिया करून परत ये.’ दुसरा सांगतो, ‘कशाला पोट कापतोस? आता आठवड्याला एक सुई पुरते.’ मग तो विचारतो, ‘मौलाना, यातले जायज काय आणि बेहतर काय?’

औषध कोणते द्यावे हे सांगणे माझे काम नव्हे. ते तज्ज्ञाचे क्षेत्र आहे, आणि वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा होणाऱ्या हानीला जबाबदार ठरतो, असे हदीसमध्ये स्पष्ट आले आहे. परंतु निर्णय घेणारा माणूस ईमानधारक असेल, तर त्याच्या निर्णयाला काही मर्यादा आणि काही आधार दीनने दिलेले आहेत. त्यांचा विचार येथे करू.

उपचार करणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही

आपले शरीर ही आपली मालमत्ता नाही, ती अल्लाहची अमानत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना अतिरेकी उपवास आणि रात्रभराच्या इबादतीपासून रोखताना शरीराचाही माणसावर हक्क असल्याची जाणीव करून दिली. खेड्यापाड्यांतून आलेल्या अरबांनी उपचार करावेत काय असे विचारले, तेव्हा आपण (स.) यांनी उपचार करण्याची आज्ञा दिली आणि वार्धक्य वगळता प्रत्येक आजाराला अल्लाहने इलाज ठेवला असल्याचे सांगितले.

शस्त्राने केलेला उपचारही नवा नाही. हजरत उबय बिन काब (रजि.) यांच्याकडे आपण (स.) यांनी वैद्य पाठविला आणि त्याने त्यांची शीर कापून त्यावर डाग दिला, हे सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक कुलाबच्या लढाईत तुटले होते. त्यांनी चांदीचे नाक बसविले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा पुरुषांना एरवी हराम असलेल्या सोन्याचे नाक बसविण्याची परवानगी त्यांना मिळाली. याच आधारावर उलमांनी भेद केला आहे: निरोगी शरीर केवळ मिरविण्यासाठी बदलणे वेगळे आणि हानी दूर करण्यासाठी उपचार घेणे वेगळे. सूरह अन-निसामध्ये अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करण्याचा जो निषेध आला आहे, तो पहिल्या प्रकाराला लागू होतो. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे, सांध्यांची झीज यांनी ग्रासलेल्या रुग्णाचा उपचार दुसऱ्या प्रकारात मोडतो.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःच्या नियतला विचारावा. मी आजारापासून सुटका शोधतो आहे, की लग्नाच्या छायाचित्रांसाठी घाई करतो आहे? स्थळ जमावे म्हणून एखाद्या निरोगी मुलीला घरचेच लोक शस्त्रक्रियेकडे ढकलत असतील, तर तो उपचार नव्हे, जुलूम आहे.

आधी आपली जीभ आवरू या

स्थूल माणसाला खादाड आणि नफ्सचा गुलाम समजण्याची आपल्या समाजाला सवय जडली आहे. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवण्याची सुन्नत सर्वांसाठी आहे. बारीक माणसालाही ती लागू आहे. वलीम्याच्या दावतीत तिसऱ्यांदा ताट भरून घेणारा सडपातळ मनुष्य शेजाऱ्याच्या पोटाकडे बोट दाखवतो, तेव्हा दोघांपैकी सुन्नतपासून दूर कोण? शिवाय भूक आणि तृप्ती यांवर संप्रेरकांचे नियंत्रण असते, आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा असतो, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे.

उम्मुल मोमिनीन हजरत सौदा (रजि.) शरीराने स्थूल होत्या. हजच्या वेळी त्यांनी गर्दीपूर्वी मुज्दलिफाहून निघण्याची परवानगी मागितली आणि आपण (स.) यांनी ती दिली. हजरत आयशा (रजि.) यांना तर पुढे वाटत राहिले की, आपणही तशी परवानगी मागायला हवी होती. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या काड्यांसारख्या पोटऱ्या पाहून काही जण हसले, तेव्हा आपण (स.) यांनी सांगितले की, कयामतच्या तराजूत ते पाय उहुद पर्वताहून जड भरतील. एका प्रसंगी जड शरीराला सवलत मिळाली, दुसऱ्या प्रसंगी कृश शरीराला सन्मान मिळाला. थट्टेला मात्र दोन्हीकडे जागा नव्हती.

हे सांगण्याचे कारण असे की, चुकीचे निर्णय पुष्कळदा लाजेपोटी होतात. लोक हसतात म्हणून माणूस गुपचूप परदेशी जातो, घरच्यांनाही सांगत नाही, आणि संकट आले की एकटा पडतो.

दोन्ही मार्गांचे खरे स्वरूप

सुईचा मार्ग पाहू. सेमाग्लुटाइड (वेगोवी) आणि टिर्झेपेटाइड (मौंजारो) ही औषधे आठवड्यातून एकदा त्वचेखाली घेतात. ती भूक कमी करतात आणि पोट रिकामे होण्याची गती मंदावतात. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडच्या पूर्ण मात्रेने सुमारे सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के, तर टिर्झेपेटाइडच्या सर्वाधिक मात्रेने सुमारे २० टक्के वजन घटले. भारतात ही दोन्ही औषधे २०२५ मध्ये उपलब्ध झाली. मात्र हा काही महिन्यांचा कोर्स नव्हे. सेमाग्लुटाइड थांबविल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे दिसून आले. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे त्रास नेहमीचे आहेत. पित्ताशयाचे खडे आणि स्वादुपिंडाचा दाह हे क्वचित होणारे पण गंभीर धोके आहेत. घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सरचा इतिहास असेल, तर ही औषधे घेऊ नयेत. गर्भधारणेचा विचार असलेल्या भगिनींनी सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे.

शस्त्रक्रियेचा मार्ग वेगळा आहे. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढून टाकतात. तो परत बसविता येत नाही. ‘बायपास’मध्ये अन्नाचा मार्गच बदलला जातो. वजन अधिक घटते, ते अधिक काळ टिकते, आणि मधुमेह अनेकांमध्ये मागे हटतो. चांगल्या केंद्रात जिवाचा धोका अल्प असतो, पण रक्तस्राव, टाक्यांतून गळती आणि पायांत रक्ताच्या गाठी होणे हे धोके खरे आहेत. त्यानंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते, तपासण्या आयुष्यभर कराव्या लागतात, आणि स्त्रियांनी साधारण वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते.

सुई ‘हलकी’ आणि शस्त्रक्रिया ‘भारी’, असा सरधोपट हिशेब म्हणूनच चालत नाही. फिकहचा नियम असा की, दोन हानींपैकी एक पत्करणे भाग असेल, तर कमी हानी पत्करावी. ती कमी हानी प्रत्येकाच्या शरीराप्रमाणे बदलते. ज्याचे वजन मध्यम वाढले आहे, ज्याने तज्ज्ञाच्या देखरेखीखाली औषध घेऊन पाहिलेले नाही, त्याने परत न फिरणाऱ्या वाटेवर आधी पाऊल का टाकावे? उलट ज्याचे वजन फार आहे, मधुमेह जुना आहे, औषध सोसत नाही किंवा पुरत नाही, त्याने केवळ सुरीच्या भीतीने वर्षे दवडणे हीसुद्धा अमानतीकडे पाठ फिरविणेच आहे.

परदेशी जाण्याचा प्रश्न

उपचारासाठी प्रवास करणे जायज आहे. इस्तंबूलमध्ये उत्तम सर्जन आहेत, आणि तुर्कस्तान मुस्लिमबहुल असल्याने खाण्यापिण्याची, नमाजची सोय सुलभ वाटते. परंतु मशिदीचा मिनार खिडकीतून दिसणे, हे शस्त्रक्रिया सुरक्षित असल्याचे प्रमाण नव्हे. २०२३ च्या आरंभी तेथे पोटात बोटॉक्सची इंजेक्शने घेतलेल्या साठहून अधिक लोकांना बोट्युलिझम हा गंभीर विषबाधेचा आजार झाला. वैद्यकीय उपचारांसाठी तुर्कस्तानात गेलेल्या आपल्या काही नागरिकांच्या मृत्यूंची नोंद ब्रिटिश सरकारने आपल्या प्रवास-सूचनांत घेतली आहे.

दोष देशाचा नाही, घाईचा आहे. विमान, हॉटेल आणि शस्त्रक्रिया एकाच पॅकेजमध्ये विकली जाते, सर्जनची भेट शस्त्रक्रियेच्या सकाळी होते, आणि टाके ओले असतानाच माणूस लांबच्या विमानात बसतो. शस्त्रक्रियेनंतर आणि दीर्घ विमानप्रवासात रक्ताच्या गाठींचा धोका आधीच वाढलेला असतो, येथे दोन्ही एकत्र येतात. गळतीची लक्षणे घरी पोहोचल्यावर दिसली, तर ज्याने पोट कापले तो हजारो मैल दूर असतो.

म्हणून जाण्यापूर्वी विचारा: सर्जन कोण? शस्त्रक्रियेआधी मानसिक आणि आहारविषयक तपासणी होणार काय? परतल्यावर पाहणारा डॉक्टर आधीपासून ठरला आहे काय? कागदपत्रे आपल्याला कळणाऱ्या भाषेत मिळतील काय? उत्तरे मिळत नसतील, तर उंट न बांधताच तवक्कुल करणे ते हेच. परदेशस्थ बांधवांनी हेही लक्षात घ्यावे की, मुंबई-पुण्यात ही शस्त्रक्रिया नियमित होते, आणि येथे शुश्रूषेला घरची माणसे असतात. भारतीय आरोग्य विमाही ठरावीक अटींवर, म्हणजे बीएमआय ४० किंवा गंभीर सहव्याधींसह ३५ असल्यास, या शस्त्रक्रियेचा खर्च देऊ शकतो. आपली पॉलिसी तपासून पाहावी.

पैसा, दलाली आणि काही मसाइल

मौंजारो भारतात आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती, म्हणजे महिन्याला १४,००० रुपये. जो खर्च वर्षानुवर्षे करावा लागेल, तो घरच्यांचा हक्क मारून होत नाही ना, हे पाहावे. शस्त्रक्रियेसाठी व्याजाचे कर्ज काढण्याचा सल्ला दलाल सहज देतात. एका हानीतून सुटताना रिबाच्या हानीत पडू नये. बिनव्याजी मदतीचा मार्ग आधी धुंडाळावा, आणि जमातीनेही अशा गरजूकडे पाठ फिरवू नये.

पाठविलेल्या प्रत्येक रुग्णामागे कमिशन घेणाऱ्यांनीही ऐकावे: ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो, तो विश्वस्त असतो. कमिशन लपवून दिलेला सल्ला ही खियानत आहे.

रोजात त्वचेखाली सुई घेतल्याने रोजा तुटत नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ मध्ये जेद्दा येथे पोषण न देणाऱ्या उपचाराच्या इंजेक्शनांबाबत हाच निर्णय दिला आहे. तरीही आठवड्याची मात्रा इफ्तारनंतर घेता येत असेल, तर तेच सोयीचे. सेमाग्लुटाइड यीस्टच्या साहाय्याने बनते, ते डुकरापासून मिळवत नाहीत. शस्त्रक्रियेत रक्ताच्या गाठी टाळण्यासाठी दिली जाणारी हेपॅरिन गटातील औषधे मात्र बहुधा डुकराच्या आतड्यापासून बनतात. पर्याय आहे काय, हे आधी विचारावे, पर्याय नसेल तर गरजेचा हुकूम लागू होतो. आयुष्यभर घ्यावयाची जीवनसत्त्वे जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी गोळीच्या रूपात मिळू शकतात. शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत घोट-घोट पाणी सतत प्यावे लागते. त्या काळात रमजान आला, तर डॉक्टरच्या सल्ल्याने रोजा सोडून नंतर कजा करावी. तपशिलात कोकणातील शाफई आणि देशावरील हनफी बांधवांनी आपापल्या आलिमला विचारावे.

मशवरा आणि इस्तिखारा

हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर सर्ग येथे पोहोचले, तेव्हा पुढे साथ पसरल्याची बातमी आली. त्यांनी आधी मुहाजिरांना, मग अन्सारांना, मग कुरैशच्या ज्येष्ठांना विचारले. मतभेद झाला. शेवटी त्यांनी परतण्याचे ठरविले. तकदीरपासून पळता काय, असे विचारले गेले, तेव्हा त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जाणे हेही अल्लाहच्याच हाती आहे. नंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी हदीस सांगितली आणि तो निर्णय योग्य ठरला.

आपला क्रमही तोच असावा. आधी दोन स्वतंत्र तज्ज्ञांचा सल्ला, ज्यांपैकी एकाचा तरी या शस्त्रक्रियेत आर्थिक लाभ नसेल. मग घरच्यांशी खुली चर्चा. मग दोन रकात इस्तिखारा. इस्तिखारा म्हणजे स्वप्नाची वाट पाहणे नव्हे. जे काम करायचे ठरते आहे, त्यात भलाई असेल तर ते सुलभ व्हावे, नसेल तर ते आपल्यापासून दूर व्हावे, अशी ती याचना आहे. तज्ज्ञाला न विचारता केलेला इस्तिखारा म्हणजे अल्लाहने दिलेली साधने बाजूला सारून त्याच्याचकडे मदत मागणे होय.

मार्ग कोणताही निवडा, सुई किंवा शस्त्रक्रिया ताटातील संयमाची जागा घेणार नाही. आणि वजन जितके घटायला हवे तितके घटले नाही, तर निराश होऊ नका. अल्लाहकडे आपल्या प्रयत्नांचा आणि सब्रचा हिशेब आहे, किलोंचा नाही.

हे अल्लाह, आमच्या आजारी बंधू-भगिनींना शिफा दे, त्यांचे गुडघे सजद्यासाठी मोकळे कर, त्यांना प्रामाणिक सल्लागार लाभू दे, आणि आमच्या जिभांपासून त्यांना सुरक्षित ठेव. आमीन.