साक्ष कुणाची धरायची?

जळगावात इतिहास शिकवणारी एक प्राध्यापिका 1857-58च्या खानदेशावर शाळकरी मुलांसाठी पुस्तक लिहिते आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले आणि त्यांचे कागद जपायला पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या मंडळात तिचा तिच्या जुन्या सरांशी झालेला हा वाद.

ती : सर, भिल्ल आणि इंग्रजांच्या अंबापाणीच्या लढाईपाशी अडलेय. 11 एप्रिल 1858 ही तारीख, फौजेच्या हालचाली, सगळं इंग्रजांच्या दप्तरात आहे. भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक, त्याच्या बाजूचा एक कागद नाही. सातपुड्यात गोष्टी सांगतात, तेवढंच.

सर : मग गोष्टी गोष्टींच्या जागी ठेव. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898मध्ये काढला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. पुढे खंड 22 झाले. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ साहेबाला नुसत्या अभिमानानं उत्तर देता येत नव्हतं. अस्सल पत्रंच लागत होती.

ती : पेशव्यांच्या पदरी कारकून होते. भिल्लांच्या पदरी कोण होतं? जिथं दप्तरच नाही, तिथं तुमचा नियम हरलेल्याला दुसऱ्यांदा हरवतो.

सर : नियम सोडला की काय होतं, तेही राजवाड्यांकडेच बघ. कागद नव्हते त्या काळासाठी त्यांनी गावांची नावं, शब्दांचे धातू पुराव्याला घेतले. कल्पकता अफाट, पण त्यातले कितीतरी निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी मानले नाहीत. पत्रं मात्र आजही उघडावी लागतात. गोष्टीतून लोकांचं मन कळतं, एवढंच घे.

ती : म्हणजे तथ्य साहेबाचं आणि भिल्लाची नुसती भावना! सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा नाईक कंपनीवर का उलटला, हे साहेबाचं दप्तर सांगेल?

सर : तो घाटावर नोकरीत होता, तुरुंगात गेला, सुटला, पुढे बंडात उतरला, हे तुला कुठून कळलं? वैऱ्याचा कागदही कधी धन्याविरुद्ध बोलून जातो. उलटतपासणी करता आली पाहिजे.

ती : मग तीच तपासणी गोष्टीचीही करू. सांगणारा कोण, कुठल्या पाड्याचा, दोन पाडे वेगळं का सांगतात. कागदाला खुर्ची आणि गोष्टीला पिंजरा, असं नको.

सर : कबूल. पण देशाला वीर हवे असतात, तुझ्या वाचकालाही. तेव्हाच्या सरकारनं त्याला लुटारू ठरवलं, आपण स्वातंत्र्यसैनिक ठरवलं. त्याला दोघांनीही विचारलं नाही.

ती : तो देशासाठी लढला, डोंगरासाठी, की झालेल्या अपमानासाठी, मला ठरवता येत नाही. तसंच लिहीन. लढाईची तारीख सरकारी कागदातली, हे सांगेन. कारणांपाशी दोन्ही साक्षी समोरासमोर ठेवेन आणि निवाडा करणार नाही.

सर : रिकामी जागा रिकामी राहत नाही, बाई. तू वीर दिला नाहीस, तर त्या पोराला दुसरा कुणीतरी देईल, आणि तो साक्षीबिक्षी ठेवत बसणार नाही.

ती : देईल. तेव्हा ‘हे कुणी सांगितलं?’ एवढं त्या पोरानं विचारलं, तरी माझं पुस्तक कामी आलं.