माईंचा कान

इचलकरंजीत नळाला पाणी रोज येत नाही. पंचगंगा गावाला लागून वाहते, कृष्णेवरूनही योजना आहे, तरी पाणी काही दिवसांआड येतं आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घराघरांत एकच गडबड उडते. आधी अंगणातला हौद भरून घ्यायचा, मग मोटर लावून ते पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि टाकी वाहायला लागायच्या आत मोटर बंद करायची. आमच्या गल्लीत हे काम बहुतेक घरांतल्या बायकांचं. दादाच्या घरात ते माईंचं होतं. मोटर लावून त्या जिन्याखाली उभ्या राहायच्या. टाकी कितपत भरली हे बघायला त्यांना वर जावं लागत नसे. टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकूनच त्या बटणाकडं हात न्यायच्या.

दादा पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. २०२० च्या टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन घरी आला आणि पुढं घरूनच काम करायची मुभा मिळाली, म्हणून इथंच राहिला. दिवसभर कंपनीच्या मीटिंगा, कोड, पुन्हा मीटिंगा. वहिनी सकाळीच शाळेत शिकवायला जातात. रात्री जेवणं आटोपली की दादा मागच्या खोलीतल्या टेबलाशी बसतो आणि त्याची मुलगी शेजारी स्टूल ओढून घेते. सोल्डरिंगच्या धुराचा वास, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत वेगवेगळे ठेवलेले रेझिस्टर, कोपऱ्यात सतत चालू असलेला रास्पबेरी पाय. मुलांना संगणकाशी खेळत शिकता यावं म्हणून २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेला हा तळहाताएवढा संगणक दादाच्या घराचा कारभार बघतो. मुलीला एलईडी कुठल्या बाजूनं लावायचा हे पाढ्यांच्या आधी कळलं. ज्या घरात बाप आणि लेक मिळून काहीतरी जोडत बसतात, ते घर मला श्रीमंत वाटतं.

माईंचे गुडघे दुखायला लागले तेव्हा दादानं ठरवलं की मोटरीचं काम आता यंत्र करेल. त्यानं हौदाच्या आणि टाकीच्या झाकणाखाली एकेक सेन्सर बसवला. हा सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो, पाण्यावर आपटून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. पाणी एक मीटर खाली असेल तर हा प्रवास सुमारे सहा मिलिसेकंदांत होतो. सेन्सरचा निरोप वायफायवरून रास्पबेरी पायकडं जायचा, तोही एमक्यूटीटी नावाच्या पद्धतीनं. ही पद्धत १९९९ मध्ये तेलाच्या लांबच लांब पाइपलाइनींवर उपग्रहातून लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली. तिच्यावरून आपल्या घरच्या हजार लिटरच्या टाकीची खबर येते, याचा दादाला मोठा आनंद होता आणि तो आनंद खराच होता. मोबाइलवर दोन निळे खांब दिसायचे, एक हौदाचा, एक टाकीचा. हौदात पाणी आहे आणि टाकी रिकामी झाली, की मोटर आपोआप सुरू.

कुणी चुकून दाबलं तर हिशेब बिघडेल, म्हणून भिंतीवरचं जुनं बटण त्यानं काढून टाकलं आणि त्या जागी कोरी पट्टी बसवली. इतकी वर्षं तू हे काम कसं करत होतीस, एवढं मात्र त्यानं माईंना विचारलं नाही. त्यांना आराम मिळावा हेच त्याच्या मनात होतं. पण आराम देताना ज्याला द्यायचा त्याचं काम आधी नीट बघावं लागतं, असं मला वाटतं.

काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग दादाला कामासाठी पुण्याला जावं लागलं. वहिनी शाळेत, मुलगीही शाळेत, घरात माई आणि अण्णा. अण्णांनी सगळी नोकरी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून केली. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून इथल्या कित्येक घरांची भाकरी त्या खडखडाटावर भाजली गेली आणि कित्येकांचे कान त्यातच गेले. अण्णांचेही गेले. त्यामुळं दुपारी मोटर सुरू झाली ती फक्त माईंना ऐकू आली.

त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला. मोटरीचा आवाज पातळ झाला होता. पाणी ओढताना ती भरल्या आवाजात घुमते, आता नुसतीच भिरभिरत होती. माईंनी दादाला फोन लावला.

"अरे, मोटर पाणी ओढंना झालीय."

दादानं मीटिंगमधूनच मोबाइलवर बघितलं. "माई, हौद ९४ टक्के भरलाय. तू काळजी करू नकोस, टाकी भरली की ती आपोआप बंद होईल."

"भरणार कशी? तिच्यात पाणीच नाही."

"सेन्सर दाखवतोय ना. मी थोड्या वेळानं फोन करतो."

माईंनी फोन ठेवला आणि कोऱ्या पट्टीकडं बघितलं. मग त्या बाहेर मीटरच्या पेटीपाशी गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला. पंखा, फ्रीज, दादाचा रास्पबेरी पाय, सगळंच बंद पडलं. अण्णा बाहेर आले, काय झालं ते खुणेनं समजून घेतलं आणि पंपावर तळहात टेकवला. लगेच मागं घेतला. पंप तापला होता. दोघांनी मिळून हौदाचं झाकण सरकवलं. तळाशी ओल होती, पाणी नव्हतं. त्या खेपेला पाणी कमी दाबानं आलं होतं आणि थोडाच वेळ आलं होतं.

दादा घरी आला तो थेट हौदापाशी. सेन्सरच्या तोंडावर वाफेचे थेंब लटकत होते. बंद हौदातल्या दमट हवेनं ते साचले होते. सेन्सरचा आवाज त्या थेंबांवरच आपटून परत येत होता आणि पाणी झाकणाला टेकलंय असं तो समजत होता. पंपाचं सील थोडक्यात वाचलं होतं. फिरताना त्याला गार ठेवतं ते पाणीच, आणि ते नसेल तर सील जळायला फार वेळ लागत नाही.

रात्री जेवताना माई काहीच बोलल्या नाहीत. बोलले ते अण्णा, नेहमीसारखे मोठ्यानं.

"माग चालता चालता बाण्याचा धागा तुटला तर काय होतं, ठाऊक आहे?"

"थांबतो."

"आपोआप थांबतो. एक बारीक काटा असतो, तो दर फेऱ्याला धागा चाचपतो. कांडीवर सूत किती उरलं असेल याचा अंदाज करत बसत नाही. धागा लागला तर माग चालू, नाही लागला तर उभा. तू हौदात पाणी किती असेल ते बघत बसलास. मोटरीत पाणी आहे का, ते चाचपलंस का?"

दादाचा घास हातातच राहिला.

"आणि दुसरं," अण्णा म्हणाले, "काटा असला तरी मागाचं हँडल विणकराच्या हाताशीच असतं. माग किती का हुशार असेना, हँडल काढून ठेवणारा मालक मी बघितला नाही."

पुढच्या खेपेला पाणी आलं तेव्हा दादानं रजा टाकली. वही घेऊन तो माईंच्या शेजारी जिन्याखाली बसला. मोटरीच्या वायरीभोवती त्यानं करंट मोजणारा चिमटा लावला होता. माई सांगतील ते तो लिहून घ्यायचा आणि शेजारी मीटरवरचा आकडा टिपायचा. "आता भरून ओढतीय," माई म्हणाल्या, तेव्हा साडेपाच अँपिअर. हौदाकडचा व्हॉल्व त्यानं क्षणभर आवळला. "आता रिकामी फिरतीय," आणि काटा साडेतीनच्या खाली. पाणी उचलायचं ओझं नसलं की मोटर कमी वीज खाते, हे तो कॉलेजात शिकला होता. माईंना ते कानानं कळत होतं.

"म्हणजे चारच्या खाली गेलं की बंद करायची," दादा मुलीला म्हणाला.

"थांब," माई म्हणाल्या. "पाणी आलं की सगळ्या गल्लीच्या मोटरी एकदम लागतात. तेव्हा आपली दबते. आवाज बदलतो, पण पाणी ओढत असते ती. तेव्हा बंद केलीस तर टाकी कधीच भरायची नाही."

दादानं व्होल्टेज बघितलं. खरंच उतरलं होतं आणि त्याबरोबर करंटचा आकडाही सरकला होता. एकाच आकड्यावर विसंबून चालणार नव्हतं, व्होल्टेजही सोबत मोजावं लागणार होतं. वहीत त्यानं नवं पान काढलं आणि माईंना विचारलं, "आणखी कधी कधी बदलतो आवाज?" माई सांगत गेल्या. उन्हाळ्यात, हौदाच्या तळाचा गाळ वर आला की, बेअरिंग सुकलं की. इतकी वर्षं त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळं सांगायला पुष्कळ होतं.

आता तिथं करंट आणि व्होल्टेज दोन्ही बघणारं सर्किट आहे आणि मोटर कोरडी फिरायला लागली की ते तिला थांबवतं. वायफाय गेलं, रास्पबेरी पाय बंद पडला तरी त्याचं काम अडत नाही. कोरी पट्टी निघाली. तिथं जुन्याच उंचीवर, माईंचा हात सहज पोचेल असं बटण आलं आणि ते सगळ्या यंत्रणेच्या वरचढ आहे. मुलीनं जोडणीचं चित्र काढलं आणि कुठली वायर कुठं जाते हे मराठीत लिहून मीटरच्या पेटीत आतल्या बाजूला चिकटवलं. वहिनींनी ते एकदा बघून मोटर स्वतः चालू-बंद करून पाहिली.

ही गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. पलीकडच्या घरचे काका दादाकडं आले. आमच्याकडंही असंच बसवून दे, सामानाचे पैसे आत्ताच घे म्हणाले. दादा संध्याकाळी त्यांच्याकडं गेला, तेव्हा त्याच्या हातात फक्त वही होती.

"तुमच्याकडं मोटर कोण लावतं?"

"सूनबाई लावते. पण तिला त्यातलं काय कळतंय? मी दाखवतो की सगळं."

"त्यांना जरा बोलवाल का?"

त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या, आधी सासऱ्यांकडं बघितलं, मग दादाच्या वहीकडं.

"आमचा फूटव्हॉल्व गळतो," त्या म्हणाल्या. "लावली की पहिल्यांदा ती कोरडीच फिरते. वरून तांब्याभर पाणी ओतल्यावर मग धरते. तुमच्याकडच्यासारखं यंत्र बसवलं, तर ते आमची मोटर लावू तेव्हा बंदच करत बसेल."

दादानं वही उघडली आणि ओसरीवर बसकण मारली.