कळणे आणि वळणे

‘कळते, पण वळत नाही’ या आपल्याकडील उक्तीवर मी वर्गात पुष्कळ वर्षे व्याख्याने दिली आहेत. जाणूनबुजून कोणीही स्वतःचे अहित करीत नाही, हे सॉक्रेटिसाचे मत प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ संवादात आले आहे. ते अनुभवाशी जुळत नाही असे पाहून अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या भागात मनोदौर्बल्याची चिकित्सा केली. हा वाद समजावून देताना उदाहरणादाखल मी दुर्योधनाचे नाव घेत असे. त्याचे उदाहरण आपल्याच घरच्या औषधांच्या फडताळात सापडेल, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी मला काचबिंदू झाल्याचे निदान झाले. त्याचे स्वरूप येथे थोडेसे सांगितले पाहिजे, कारण प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. यात डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी मज्जा हळूहळू क्षीण होते. बहुधा डोळ्यातील दाब वाढल्यामुळे, पण कधी कधी तो न वाढताही. नेहमी आढळणाऱ्या प्रकारात दृष्टी प्रथम कडेने जाते. समोरचे अक्षर पुष्कळ काळ स्वच्छ दिसत राहते, दुखत नाही, खुपत नाही. म्हणून आपले काही गेले आहे याचा रोग्याला पत्ताच नसतो. मोतीबिंदू काढला की पुन्हा दिसू लागते. येथे तसे नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली राखणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते.

आता औषध पाहा. रात्री निजताना प्रत्येक डोळ्यात एकेक थेंब. तो घातल्याने अधिक दिसू लागत नाही. उलट डोळे चुरचुरतात. न घातला तरी सकाळी वर्तमानपत्र पूर्वीइतकेच स्पष्ट वाचता येते. पापाला शिक्षा नाही आणि पुण्याला फळ नाही, अशा राज्यात नीती टिकावी कशी? दाढ दुखू लागली की मनुष्य न सांगता औषध घेतो; तेथे वेदनाच त्याचा गुरू असते.

अमेरिकेत मायकेल कास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. काचबिंदूच्या १८४ रोग्यांच्या औषधाच्या कुप्यांना सहजी लक्षात न येणारे नोंदयंत्र बसविले होते. आपण शेकडा ९७ वेळा थेंब घातले असे रोगी सांगत. यंत्राची साक्ष शेकडा ७६ ची होती. शिवाय डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या दिवशी सारेच अधिक नियमित होत. हे वाचताना मला हसू आले नाही. तपासणीच्या आदल्या रात्री मीही न चुकता थेंब घालीत असे.

अ‍ॅरिस्टॉटलच्या मते दुर्बल मनाचा मनुष्य सुखाच्या ओढीने ढळतो. थेंब न घालण्यात सुख ते कोणते? बराच विचार केल्यावर मला ते सापडले. माझे वडील याच रोगाने आंधळे झाले. अखेरच्या वर्षांत भिंतीवर हात ठेवून ते माजघरातून ओसरीवर येत. ती लहानशी कुपी हाती घेतली की तो भिंतीवरचा हात मला दिसे. एक रात्र ती फडताळातच राहिली, तर ती रात्र मी निरोगी माणसासारखा निजत असे. ‘विसरलो’ हा शब्द आपण किती सभ्यपणे वापरतो! मी विसरत नव्हतो. ‘अहो, थेंब घातलेत का?’ असे पत्नी विचारी आणि मी ‘घातले’ म्हणे. रोगाची सर्व माहिती मला तोंडपाठ होती. पण मद्याच्या अमलात एम्पिडॉक्लिसचे श्लोक म्हणणाऱ्याचा दाखला अ‍ॅरिस्टॉटल देतो, तशातलेच ते पाठांतर.

येथवर हे दौर्बल्य होते. पुढे जे झाले त्याला मी निराळे नाव देईन. दाब उतरत नाही हे पाहून डॉक्टरांनी विचारले, ‘थेंब नियमित घालता ना?’ मी होय म्हणालो. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून दुसरे औषध जोडले आणि पुढच्या खेपेस शस्त्रक्रियेची गोष्ट काढली. स्वतःच्या डोळ्यांशी कसे वागावे हा माझा प्रश्न आहे, असे एखादा म्हणेल. परंतु खोटी माहिती देऊन दुसऱ्याची विवेकबुद्धी चुकीच्या वाटेला लावण्याचा अधिकार त्यातून कसा निघतो, हे मला दिसत नाही. शेवटी मी खरे सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. रोज एकाच वेळी काय करता, एवढे विचारून त्यांनी कुपी दात घासण्याच्या ब्रशाजवळ ठेवावयास सांगितले. नीतिशास्त्राच्या प्राध्यापकाला हा उपाय थोडा अपमानास्पद वाटला, पण लागू पडला.

एक गोष्ट मात्र राहिली होती. हा रोग पुष्कळदा कुळात उतरतो. भावंडांचे डोळे तपासून घ्या, असे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आले होते. माझा धाकटा भाऊ नागपुरास असतो. त्याला सांगणे म्हणजे आपला रोग मोठ्याने उच्चारणे. म्हणून आज सांगू, उद्या सांगू, असे करीत मी दिवस काढले. गेल्या रविवारी त्याला दूरध्वनी केला. त्याने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि येत्या गुरुवारी तपासणीस जातो म्हणाला. मग थोडे थांबून त्याने विचारले, ‘दादा, तुला हे कधीपासून ठाऊक होते?’

‘तीन वर्षांपासून,’ मी म्हणालो.